सलूहाची पुढची गाडी

मला एक सांगा, मक्तरहून कैरवानला जायला सहा तास लागतात का हो? नाही ना? दोन तास! ड्रायव्हर वाटेत कॉफीला थांबला तर सव्वादोन! आणि आमची सलूहा, माझी धाकटी जाऊ, दर गुरुवारी सकाळी दहाला घरातून निघते. कैरवानला तिची आई असते, अंथरुणाला खिळलेली, तिला न्हाऊ घालायचं, कपडे धुवायचे, चार दिवसांचं रांधून ठेवायचं आणि शुक्रवारी परत यायचं... तर ही बाई तिथे पोचते कधी? चार वाजता! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अख्खं वर्ष! विचारलं की डोक्यावरचा रुमाल नीट करत म्हणते, "काय करू ताई, गाडी भरतच नाही."

आता हे खरंच आहे म्हणा. लुआज ती, माणशी भाड्याची गाडी. तिला वेळापत्रक नसतं, तिला आठ माणसं लागतात. आठ झाले की गाडी सुटते. सात झाले तर सातही जण आत घाम पुसत बसतात आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून ओरडतो, "कैरवान, कैरवान! एकच राहिला, एकच!" आत कुणीही नसलं, नुसती एक टोपली ठेवलेली असली, तरी त्याचा एकच राहिलेला असतो! पण म्हणून दर गुरुवारी चार-चार तास? आमच्या सासूबाई तर म्हणायच्या, "मक्तरची माणसं घर सोडून कुठे जातच नाहीत की काय?"

आणि तुम्हाला सांगते, मला राग यायचा. का नाही येणार? गुरुवारी हिच्या वाटचं सगळं माझ्या गळ्यात. हिची तीन पोरं, माझी दोन, सासूबाई, आणि आमचे दीर मोंजी, हिचा नवरा. हा माणूस जेवायला बसला की हारीसाची, मिरचीच्या ठेच्याची, बरणी समोर असते, अगदी नाकासमोर, आणि हा ओरडतो, "सलूहा, हारीसा कुठाय?" ती नसली तर, "मन्नूबियावहिनी, सलूहाने हारीसा कुठे ठेवलाय?" अहो, हात लांब केला तर बोटं बुडतील त्यात!

मग आला ऑगस्ट. ऑगस्ट म्हणजे वर्षभराचं कूसकूस करून ठेवायचे दिवस. गच्चीवर चादरी अंथरायच्या, परातीत रवा घ्यायचा, पाणी शिंपडायचं आणि तळहाताने वळत बसायचं, वळत बसायचं, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर. मी वळतेय, सासूबाई चाळतायत, आणि समोर सलूहा... हात रव्यात थांबलेले, डोळे आभाळात, ओठ हलतायत. सासूबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "बघ! कामात असूनसुद्धा जप चालू आहे पोरीचा. शीक जरा."

जप कसला! थोड्या वेळाने ती अगदी हळू म्हणते, "ताई, वीस वर्षांनी नवरा समोर आला तर बाई आधी काय बोलेल?"

मी म्हटलं, "कुणाचा नवरा? मोंजी कुठे चाललाय?"

तेव्हा सांगितलं तिने. गोष्ट लिहितेय. आमची सलूहा! जी आठवडाभर लोकांचे झगे शिवते, जिला दिवसातून चाळीस वेळा हारीसा शोधून द्यावा लागतो, ती गोष्ट लिहितेय! कैरवानच्या एका वाचनालयाने गोष्टी मागवल्या होत्या, ज्यांचं आजवर काहीच छापून आलेलं नाही अशा लोकांच्या, आणि निवडलेल्या गोष्टींचं पुस्तक काढणार होते. मुदत कधी? उद्या! गुरुवारी, कार्यालय बंद होईपर्यंत.

"मग देऊन टाक की."

"शेवट सुचत नाही, ताई."

"पण बाकीची लिहिलीस कधी?" या घरात? जिथे तिने एकदा लिहायला म्हणून संडासाची कडी लावली, तर पाच मिनिटांत सासूबाई जिऱ्याचं पाणी घेऊन दारात? "पोट बिघडलं का गं? उघड, पिऊन टाक!"

सलूहाने रुमाल नीट केला. नुसतं एवढंच म्हणाली, "ताई, सेहेचाळीस वर्षांची झाले. उद्या नाही दिली, तर पुन्हा माझी हिंमत व्हायची नाही."

आता हे ऐकून कुणाला झोप लागेल? मी सकाळी अर्धी गोणी कूसकूस बांधलं, म्हटलं हे तुझ्या आईला द्यायचंच आहे, मी येते सोबत. मनात म्हटलं, बघतेच ही गाडी कशी भरत नाही ते!

दहाला स्टँडवर पोचलो. पहिली गाडी उभी. आत सहाजण बसलेले! सहा आणि आम्ही दोघी... करा हिशेब! आठ झाले की गाडी सुटते! मी गोणी उचलली, एक पाय आत टाकला, आणि मागून सलूहाचा मंजूळ आवाज, "या ना, तुम्ही बसा. तुम्ही दोघं जा, आम्ही पुढच्या गाडीने येतो."

कुणाला म्हणत होती? मागून येणाऱ्या एका जोडप्याला! ओळख नाही, पाळख नाही! ते बसले, दार बंद झालं, गाडी गेली. मी एक पाय उचलून तशीच उभी, बगळ्यासारखी!

दुसरी गाडी. पाऊण तासात भरत आली. पुन्हा तेच! "काकी, तुम्ही जा. आम्ही पुढच्या गाडीने येतो."

तिसऱ्या गाडीचा ड्रायव्हर हसूनाकाका बॉनेटवर बसून कलिंगडाच्या बिया थुंकत होता. मला म्हणतो, "नवीन आहात वाटतं? ही बाई दर गुरुवारी अशीच. आधी आम्हाला वाटलं, गाडी लागते हिला. मग वाटलं, कुणाची तरी वाट बघते. मग कळलं, लिहिते! त्या भिंतीच्या सावलीत बसते आणि लिहिते. आम्ही तिला हाक मारत नाही. चहा प्यायलो तर एक पेला तिच्याजवळ ठेवून येतो, बस."

आणि मी वळून बघितलं. गोणीवर बसली होती, मांडीवर वही, आजूबाजूला हॉर्न, धूर, "एकच राहिला"च्या आरोळ्या, आणि तिच्या चेहऱ्यावर... कसं सांगू तुम्हाला? घरात नाही हो दिसत तो चेहरा. वर्षभर मी चरफडत होते, आणि ही बाई आपली हक्काची जागा परक्या माणसांना देऊन देऊन तेवढा वेळ मिळवत होती! चोरूनही नाही कुणाकडून! लोकांना लवकर पोचवून!

माझा राग कुठे गेला, मला कळलं नाही. मी गेले आणि मुकाट्याने तिच्या डोक्यावर माझी छत्री धरून उभी राहिले.

पण दोन वाजले, तरी शेवट येईना. मी म्हटलं, "बये, आता बस गाडीत, शेवट वाटेत सुचेल. पाचला बंद होतं कार्यालय." बसलो एकदाच्या हसूनाकाकाच्या गाडीत. किती झालो? सात! आणि आठवा... आठवा येईना! ऑगस्टची दुपार, सगळं मक्तर दारं लावून पडलेलं. अडीच झाले. "एकच राहिला, एकच!" आणि या खेपेला खरोखरच एकच राहिला होता! वर्षभर जिने जागा वाटल्या, तिच्यावर एका माणसासाठी बसून राहायची पाळी!

मागच्या बाकावर फट्टूमाकाकी म्हणून एक भरभक्कम बाई होत्या, तिघांच्या जागेत एकट्या. त्या म्हणाल्या, "पोरी, मघापासून काय लिहितेस गं? मृत्युपत्र?"

सलूहा लाजली. मीच सांगितलं सगळं. तर त्या म्हणाल्या, "मग वाच की! नाहीतरी इथे बसून आम्ही काय अंडी उबवतोय?"

आणि सलूहाने वाचलं. पहिल्यांदाच, माणसांसमोर. गोष्ट अशी... एक माणूस वीस वर्षांनी परदेशातून गावी परत चाललाय, लुआजमधून. आणि शेजारच्या जागेवर येऊन बसते कोण? त्याची बायको! त्याने तिला ओळखलंय. ती खिडकीबाहेर बघतेय. त्याला बोलायचंय आणि तोंड उघडत नाहीये, आणि एकेक गाव मागे पडतंय... बस. इथवर लिहिलेलं.

मग एकदम सगळे सुटले!

फट्टूमाकाकी ओरडल्या, "बोलायचं नाव नको! वीस वर्षं कुठे होता मेला? उतरवा त्याला वाटेत, ऊन खाऊ दे!"

पुढे एक निवृत्त मास्तर बसले होते, तिजानीमास्तर. ते चष्मा पुसत म्हणाले, "अहो काकी, माणसाची काही मजबुरी असेल."

"मजबुरी? पत्र लिहायला हात मोडले होते? तुम्ही मास्तर ना? त्याला शाळेत लिहायला शिकवलं नव्हतंत का?"

"मी कुठे शिकवलं त्याला!"

हसूनाकाका खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला, "भांडण नंतर! आधी मला सांगा, बायकोने त्याला ओळखलंय की नाही?"

आणि तेवढ्यात आला! आठवा! एक घामाघूम गृहस्थ, काखेत हे एवढं कलिंगड. बसला, दार ओढलं, म्हणाला, "चला काका, आठ झाले!"

आठ झाले की गाडी सुटते, हो ना? आजवर सुटत आलीय, हो ना? त्या दिवशी सात माणसं एका सुरात ओरडली, "थांबा!"

तो बिचारा कलिंगड छातीशी धरून म्हणतो, "का? काय झालं? कुणी गेलं का?"

मग त्याला पहिल्यापासून सांगायला नको? सलूहाने पुन्हा सगळं वाचलं. पहिल्यापासून! आणि हसूनाकाकाने, ऐका हं, ज्या माणसाने उभ्या जन्मात आठ झाल्यावर एक मिनिट दम धरला नाही, त्याने सुरू केलेलं इंजिन बंद केलं.

ऐकून झाल्यावर कलिंगडवाल्या गृहस्थांनी कलिंगड मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "माझे वडील असेच आले होते. आईने काहीच विचारलं नाही. नुसतं एक ताट जास्त मांडलं."

सलूहाने त्यांच्याकडे बघितलं आणि वही उघडली. कुणी हललं नाही. फट्टूमाकाकी पंख्याने वारा घेत होत्या, त्यांनीसुद्धा पंखा थांबवला. पाच-सहा ओळी असतील. लिहिल्या, आणि वाचल्या. गाव येतं. तो अजून गप्पच. आणि बायको, खिडकीबाहेरची नजर न काढता, ड्रायव्हरला म्हणते, "त्या वळणावर थांबवा. आम्ही दोघं उतरतो."

बस. एवढंच.

फट्टूमाकाकींनी नाक शिंकरलं. "मेला सुटला," म्हणाल्या, "पण बाई शहाणी आहे." तिजानीमास्तरांचा चष्मा पुन्हा पुसायला आला. सलूहाने वहीतली पानं काढून पाकिटात घातली. आणि हसूनाकाकाने गाडी अशी सोडली, अशी सोडली, की कूसकूसची गोणी मागून पुढे आली! कॉफी नाही, थांबा नाही. कुणी म्हणालं नाही मला आधी इथे उतरवा. सगळेच्या सगळे वाचनालयाच्या दारात! पाचला दहा कमी!

दाराला कुलूप.

पायरीवर पहारेकरी बसलेला. म्हणाला, "दोनलाच बंद झालं की."

"दोनला? पाचला ना?"

"ऑगस्ट आहे, बाई."

आम्ही नऊ माणसं, ड्रायव्हर धरून, एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय! ऑगस्टात एकच पाळी असते, दोनला सगळी कार्यालयं बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! माझे दीर आयुष्यभर नगरपालिकेत, दर उन्हाळ्यात अडीचला घरी येऊन हारीसा शोधतात! तिजानीमास्तरांनी चाळीस वर्षं नोकरी केलेली! एकालाही आठवू नये? नऊ डोकी, आणि सगळ्यांत गोष्टीतली ती एकच बाई बसलेली, खिडकीबाहेर बघत!

सलूहाने रुमाल नीट केला. मला म्हणाली, "चला ताई, आई वाट बघत असेल." पाकीट पिशवीत घातलं अगदी तळाशी, आणि वर आईसाठी घेतलेली भाजी ठेवली.

पण फट्टूमाकाकी हलतायत थोड्याच! पहारेकऱ्याशेजारी पायरीवर बसल्या, कलिंगडवाल्यांना म्हणाल्या, "कापा ते," आणि त्याला एक फोड देऊन गोष्टच सांगायला लागल्या. सलूहापेक्षा दुप्पट लांब, हातवारे करून! आणि गाव आलं तिथे थांबल्या.

"मग?" तो म्हणाला. "ओळखते का ती?"

"शेवट पाकिटात आहे. दार उघड."

"किल्ली साहेबांकडे असते हो! मग शेवट नाही सांगणार?"

यावर काकी म्हणाल्या, "नाही!" आणि आमची सलूहा, जिचं वर्ष त्या कुलपाआड अडकलं होतं, तिने त्याच्याजवळ जाऊन त्याला शेवट सांगितला. असाच. काही न मागता. म्हणाली, "अर्धी गोष्ट ऐकून माणसाला घरी कसं पाठवायचं?"

तो फोड हातात धरून बसला. रस मनगटावरून ओघळत होता. मग म्हणाला, "साहेब उद्या आठला येऊन आतली गोष्टींची पेटी उघडतात, तोवर पडेल ते आजचंच. मला किल्ली साडेसातला मिळते, आणि दार उघडून आधी मी अंगण झाडतो. झाडताना माझी पाठ दाराकडे असते. पाठीला काही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याने अंगण झाडलं, सलूहाने पाकीट पेटीत टाकलं, आम्ही स्टँडवर आलो, मक्तरची गाडी सहा माणसं घेऊन उभी होती, ड्रायव्हर ओरडत होता, "दोनच राहिले, दोनच!" तिकडे घरी चादरींवर कूसकूस पसरलेलं होतं, मोंजीचा हारीसा हरवलेला होता, सलूहाने पिशवीतून नवी कोरी वही काढली, आणि मी मागून येणाऱ्या दोन बायकांना म्हटलं, "तुम्ही जा, आम्ही पुढच्या गाडीने येतो."