गच्चीचा लेप, होडीला

दुकानदाराशी भांडणात मी आयुष्यात एकदाच हरलो, तेही आमच्याच गारखेड्यात! जायकवाडी धरणात मासे धरणाऱ्या, माझ्या ओळखीच्या सोपानची होडी गळत होती आणि बाजाराच्या आधी जाळं टाकायलाच हवं होतं. गळती बंद करणारा लेप ऑनलाइन आठ दिवसांनी येणार, मॉलमध्ये नुसत्या खेळण्यातल्या होड्या. शेवटी आम्ही दोघं हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"काय गळतंय? गच्ची का टाकी?" दुकानदाराने विचारलं.

"होडी."

"मग गच्चीचाच लेप न्या. वरून कितीबी पाणी पडू द्या, थेंब आत येणार नाय."

मी भडकलोच. "अहो, होडीत पाणी खालून येतं!"

"मग उलटी करून लावा की!"

मी आवाज चढवणार, तोच सोपान हळूच मला म्हणाला, "साहेब, आमी उलटीच करून लावतो."

मंत्र्यांना घाम फोडणारा मी पत्रकार, मुकाट्याने डबा उचलून चालू लागलो.