अकरा टक्क्यांचे खांब

खाणीच्या दवाखान्यातल्या बाकावर भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आपल्या नंबराची वाट पाहत बसले होते. शेजारी खाणीच्या कार्यालयातला एक कारकून आपल्या वहिनीला मोठ्या उत्साहाने राष्ट्राची प्रगती समजावून सांगत होता. प्राध्यापकांनी वर्तमानपत्र उघडे ठेवले, पण वाचणे सोडून दिले.

“वहिनी, देशाचं खनिज उत्पादन एका महिन्यात अकरा टक्क्यांनी वाढलं! आणि त्यात आपली खाण पहिली!”

“अगंबाई! नवी खाण उघडली का, भावोजी?”

“छे हो, जुनीच. छत तोलायला आत कोळशाचेच खांब सोडलेले असतात ना? ते काढले. आयता माल!”

“आणि छत?”

“लाकडी टेकू दिलेत की! तुम्ही पण ना, आनंदावर विरजण घालता.”

“पण खांब संपले की पुढच्या महिन्यात वाढ कुठून आणणार?”

“ते पुढच्या महिन्याच्या तक्त्यात बघू! आधी हे ऐका, सगळ्यांत जास्त खांब आपल्या दादाच्या पाळीने काढले. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या!”

“म्हणजे हे रोज त्याच छताखाली असतात?”

“मग! आजही दुपारपाळीला तिथेच जाणार. वाघ आहे आपला दादा!”

तेवढ्यात वहिनींचा नंबर पुकारला गेला. दुखरा गुडघा दाबत त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या दारातूनच बोलल्या,

“डॉक्टर, माझ्या गुडघ्याचं राहू द्या. माझ्या नवऱ्याला महिनाभर आजारी लिहून द्या, आजपासून.”

“काय झालंय त्यांना?”

“अजून काही झालं नाही.”