साडूभाऊंची सर्व्हिसिंग

आमचे कळमनुरीचे साडूभाऊ पाह्यले ना तुमी? सगळ्या विषयांतले इंजिनिअर! स्वतःच्या मोटारसायकलची उतरलेली चेन ह्यांना बसवता येत न्हाई, ते सोडा.

मी वावरातल्या बोरातली मोटर सर्व्हिसिंगला वर काढली अन् केबल आणायला गावात गेलो, तेवढ्यात ह्यांनीच सर्व्हिसिंग उरकली. मी येऊन मोटर खाली सोडली, तर सांजेपर्यंत जळाली. इकडं वावरात उभी हळद पाण्यावाचून सुकून राहिली.

"काय केलं होतं तुमी?"

"आत पाणी शिरलं होतं. सगळं काढलं अन् ट्रॅक्टरचं ऑइल भरलं."

"अहो, थंड राहावी म्हणून ह्या मोटरीत पाणीच भरत असतेत!"

तर मलाच म्हणतेत, "मंग माझ्या ऑइलला काहून नाव ठेवता? एवढी कोरडी करून दिली, अन् तुमी परत पाण्यात सोडली!"