लेकाचं नाव

डोळ्यांत थेंब घालून सुचिताबाई घणसोलीच्या दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी आत्या-भाची बोलत होत्या.

"शेवंताआत्या, तो फ्रान्सचा फिलॉसॉफर वारला. मोबाइलवर आलंय."

"आपल्या मिठागरावर आलेला? भर उन्हात मफलरवाला?"

"तोच. केवढी पुस्तकं लिहिली. जगात कुठं मोर्चा निघाला की हा टीव्हीवर पुढं."

"आमच्याकडं दोन तास होता. तू पोटात होतीस, सोनल. मांदेली खाल्ली, फोटू काढले. आयनं हात जोडून सांगितलं, सगलं लिव्ह, पन माझ्या धर्मराजचं नाव नको लिवू."

"आणि त्यानं नेमकं बाबांचंच नाव छापलं."

"मोर्चापासनं पोलीस त्याला शोधतच होते, त्यांना आयतंच गावलं. सा महिने आत होता माझा भाऊ."

"सुटले, पण मला ते कधी हसताना दिसलेच नाहीत, आत्या."

"नशीब, बाय."

"त्याला मराठी कुठं येत होती? ती कॉलेजची पोरगी होती ना आपलं बोलणं त्याला इंग्रजीत सांगायला? तिनं सांगितलंच नसेल."

"नाय गो. लय गुनाची पोर. आयनं तिच्या केसांना तेल लावून येनी घातलेली. ती सांगनार नाय, असं होईल? तोच मोठा मानूस, इसरला असेल."

सुचिताबाईंनी डोळे उघडले. समोरचं सगळं धूसर होतं.

"नाही सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या. "गाडीत ते दुसऱ्यांशी बोलत होते. मध्येच कसं बोलायचं म्हणून मी थांबले. मग राहूनच गेलं."



"सोनल," शेवंताबाई म्हणाल्या, "आपला नंबर कितवा हाय, बघून ये."