शुक्रवारची कामं

सुनंदावहिनी, आणि बेलवलीतल्या आपल्या सोसायटीतले सगळे,

मी माइकवरून बोलणार नाही. मघाशी प्लग सापडेना म्हणून म्हात्र्यांनी वायरची उघडी टोकं सॉकेटात घातली आणि काडेपेटीच्या काड्या खुपसून घट्ट बसवली. भोईरभाऊंच्या फोटोसमोर. भोईरभाऊ शॉक लागून गेले, म्हात्रे. त्याला तेरा दिवसही उलटले नाहीत. ती वायर मी काढायला लावली. मागच्यांना ऐकू येत नसेल तर पुढे या.

बोलणं जड जातंय. दुःख आहेच. पण खरं सांगते, किळस जास्त आहे.

भोईरभाऊ आनंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. मशीनचे फिटर. वायरमन नव्हते. हे आपल्याला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. तरी मिक्सर बिघडला, भोईरभाऊ. पंखा अडला, भोईरभाऊ. आणि वर आपली ती शहाणी रीत. शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, म्हणून विजेची कामं शुक्रवारसाठी ठेवायची. लाईटच नाही, मग भीती कसली?

त्या शुक्रवारी गीझर कुणाचा होता? माझा.

मी म्हटलं होतं, "भाऊ, स्टेशनजवळचा वायरमन बोलावते."

ते म्हणाले, "कशाला मॅडम? तो आज येतो म्हणणार, परवा उगवणार. पाचपर्यंत लाईट नाही. तुम्ही फक्त टॉर्च धरा."

मी टॉर्च धरला. पदवीधर बाई, आयुष्यभर ऑफिसात लोकांच्या चुका काढल्या, आणि टॉर्च धरून उभी राहिले. साडेअकराला लाईट आली. लाईनचं काम लवकर संपलं असेल, आली. लाईट आली, हा काय गुन्हा आहे? मेन स्विच माझ्या पाठीमागे होता. हात मागे केला असता तर लागला असता. तो बंद करावा, हे त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

आणि आपण? स्मशानातून परतताना एक गृहस्थ वहिनींना म्हणाले, "भाऊंचा ड्रिल तेवढा देऊन ठेवा, कपाट ठोकायचंय." नाव घेत नाही. मान खाली घालून बसलेत, दिसतंय.

गेल्या शुक्रवारी मी वायरमन बोलावला. परवान्याचा, रीतसर. लाईट गेलेलीच होती. तरी त्यानं चपला काढायच्या आधी विचारलं, "काकी, मेन कुठाय?" आणि खटकन बंद केला.

मी म्हटलं, "अरे, लाईट नाहीच आहे."

म्हणाला, "येताना ती मला विचारून येणार आहे का?"

एवढंच. एवढंच माहीत असलेला माणूस मी बोलावला नाही, वहिनी. का? तर भोईरभाऊ घरचे होते. घरचे होते म्हणून त्यांना जपायचं, की वापरायचं?

आमच्या शाळेत नन्स सांगायच्या, चूक कबूल करायची तर उभं राहून, सगळ्यांसमोर. मी उभी आहे, सुनंदावहिनी. माफी मागत नाही. ती मागण्याचाही मला हक्क नाही.

आता सगळे उभे राहा. म्हात्रे, दाराजवळचा मेन स्विच बंद करा. उकडेल. उकडू दे.

सगळे पंखे पूर्ण थांबले, की आपलं दोन मिनिटांचं मौन सुरू होईल.