कनिष्ठमध

नारायण पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात हेमा घाईतच शिरली होती. पण रांगेतल्या पुढच्या तरुण बापाचं बोलणं कानावर पडलं आणि तिची घाई गेली.

"काका, लेकीची उद्या गाण्याची परीक्षा आहे आणि घसा पार बसलाय. तिच्या बाईंनी ज्येष्ठमध सांगितलाय. पण पोर सात वर्षांची आहे हो, तिला ज्येष्ठांचा मध चालेल?"

"कनिष्ठमध अजून निघालेला नाही. अहो, मुळी आहे ती! शेकडो वर्षं लोक घशासाठी चघळताहेत. घ्या, तुम्हीही चघळा."

"गोड आहे... अरे, हा वास तर आईचा! ती शाळेत शिकवायची."

"आवाज कसा होता त्यांचा?"

"शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. मी तिथंच बसायचो."

"मग नातीचा परीक्षकांपर्यंतही पोचेल. हं, पुढे कोण?"