मोकळा फेरा

नाव : कु. तुळसा महिपत गोताड. वय : २२ वर्षे. शिक्षण : मेकॅनिकल डिप्लोमा. धंदा : खाजगी वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन. राहणार : मांडवी, रत्नागिरी.

आज दि. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी ११ वाजता मी कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर झाले आहे. विचारल्यावरून सांगते ते असे :

रत्नागिरीत रॅलीतून निवृत्त झालेल्या तीन मोटारी आहेत. एक फियाट, एक अ‍ॅम्बेसेडर आणि एक हेराल्ड. वर्षभर त्या ताडपत्रीखाली असतात. दर २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर गॅरेजवाले त्या बाहेर काढतात. दोन फेऱ्या सावकाश, मिरवणुकीसारख्या होतात. त्यांची लेखी परवानगी असते. तिसऱ्या फेरीला गावात ‘मोकळा फेरा’ म्हणतात. एका वेळी एकच गाडी, दोन्ही बाजूंना काथ्याचे दोर, आणि घड्याळ. या फेरीची परवानगी कोणी मागत नाही. मुंबईला नोकरीला असलेले लोक या दिवसासाठी रजा काढून येतात हे मला माहीत आहे, कारण माझे वडील येतात.

फियाटचे मालक व चालक इद्रीस दाऊद होडेकर, वय ५६, हे टॅक्सी चालवतात. त्यांचे घर त्या लायसनवर चालते. बारा वर्षांपूर्वी ते हीच गाडी घेऊन रॅलीत उतरत असत. मी १९८३ पासून मोकळ्या फेऱ्याची वेळ लावते. पहिल्या तीन वर्षांच्या त्यांच्या वेळा अशा : १ मिनिट ५२.४ सेकंद, १ मिनिट ५२.६, १ मिनिट ५२.४. मार्ग तोच. १९८४ साली रस्ता नुकताच डांबरी केलेला होता, १९८५ साली उखडलेला होता. मी वर्कशॉपमध्ये लेथ व मिलिंग मशीन हाताळते. इतकी एकसारखी पुनरावृत्ती मला मशीनकडूनही क्वचित मिळाली आहे.

रॅलीच्या गाडीत चालकाच्या डावीकडे दुसरा माणूस बसतो. तो वहीतून पुढचे वळण आणि त्याचे अंतर वाचून सांगतो. हे काम पूर्वी बाबू शिवलकर करीत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. २६ तारखेला ते ओट्यावर बसून होते. फियाट बाहेर आली तेव्हा त्यांनी हाक मारून विचारले, “इद्रीस, गाडी म्हातारी झाली. तू कधी होनार?” इद्रीसचाचा म्हणाले, “तुज्यानंतर, बाबू. तू नंबर लावलायस.”

या वर्षीची वही मी तयार केली. १८ व १९ जानेवारीला मी संपूर्ण मार्ग टेपने मोजला. प्रत्येक खुणेपाशी गाडीतील अंतराचे मीटर शून्यावर आणायचे व तिथून पुढच्या वळणाचे अंतर वाचायचे, अशी पद्धत आहे. १९ तारखेला मीटर टेपशी जुळवून घेतले. फरक आढळला नाही.

२५ तारखेला दुपारी चारच्या सुमारास इद्रीसचाचांनी जुने टायर काढून मुंबईहून आणलेले मोठे टायर बसवले. मी गॅरेजमध्ये वही स्वच्छ अक्षरात उतरवून काढीत होते. त्यांनी मला विचारले, “तुळसा, टायर बदललेत. तुज्या वहीत काय फरक पडतो काय?”

मी नाही म्हणाले. मी न मोजता उत्तर दिले.

काल दि. २७ रोजी मी दोन्ही टायरचा घेर मोजला. जुना १.८३ मीटर, नवा १.९४ मीटर. गाडीतील मीटर चाकाचे फेरे मोजून अंतर दाखवते. म्हणजे मीटर २९० दाखवते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ३०७ मीटर गेलेली असते.

रावजी सुर्वे यांच्या कलमांच्या बागेपाशी रस्ता चढून एकदम उतरतो. माथ्यावर पोचेपर्यंत पुढचे उजवे वळण दिसत नाही. वहीप्रमाणे ते आधीच्या खुणेपासून ३२० मीटरवर आहे. दि. २६ रोजी सकाळी १०.४० वाजता मीटरवर २९० पाहून “तीस, उजवे” असा आवाज देण्यात आला. तेव्हा वळण तीस मीटरवर नव्हते. तेरा मीटरवर होते. वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटर होता.

डाव्या बाजूला दोरामागे माणसे होती. मी मोजली नाहीत. पुढच्या रांगेत मुले बसली होती. उजव्या बाजूला सुर्वे यांच्या बागेचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडांची कुंपणभिंत होती. गाडी गडग्यावर गेली. ती आपोआप गेली नाही, नेली गेली. ब्रेकचे काळे पट्टे माथ्यानंतर चार मीटरवर सुरू होतात आणि सुरुवातीपासून उजवीकडे वळलेले आहेत. या वेगाला चार मीटर म्हणजे पाव सेकंद. तेवढ्यात त्यांनी वळण पाहिले, माणसे पाहिली आणि गडगा निवडला. कोणालाही इजा झाली नाही. गडगा सव्वादोन मीटर पडला व एक हापूसचे कलम बुडातून मोडले.

सुर्वे यांनी तक्रारीत लिहून दिले आहे की, होडेकर यांची नजर व हात गेलेले असून त्यांचे लायसन कायमचे काढून घ्यावे. मी काल संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन टायरचे माप सांगितले. ते म्हणाले, “गडग्याचा काय नाय गो, दोन दिवसात उभा करीन. कलम सात वर्षांचा होता. यंदा पयला मोहोर धरलान होता.” त्यांचे दुःख खरे आहे. त्यांचे अनुमान चुकीचे आहे. वरील पाव सेकंद तपासून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

होडेकर यांनी आपल्या जबाबात गाडीत आपण एकटेच होतो असे सांगितल्याचे मला समजले. ते खरे नाही. वही वाचणारी मी होते. धूळ खाली बसण्याआधी ते मला म्हणाले, “पोरी, तू उतर. मागल्या बाजून घरी जा. ह्या गाडीत मी एकटाच होतो.” मी उतरले व गेले. मला सरकारी नोकरीचे पत्र आले असून माझी चारित्र्य पडताळणी याच ठाण्यात बाकी आहे, हे त्यांना माहीत होते. मलाही माहीत होते. आजही आहे.

हा जबाब चालू असताना होडेकर यांना आत बोलावण्यात आले. ते माझ्याकडे न पाहता लेखनिकांना म्हणाले, “साहेब, ती नव्हती. पोरगी खोटा बोलते.” मी त्यांना तीन वर्षांपासून ओळखते. त्यांच्या तोंडून चुकीची गोष्ट मी प्रथमच ऐकली.

पुरावा म्हणून वही हजर केली आहे. अक्षर माझे आहे. शिवाय सीटच्या तिरक्या पट्ट्याचा वळ माझ्या अंगावर आहे. महिला कर्मचाऱ्यांनी तो पाहून घ्यावा. तो डाव्या खांद्यावर आहे. चालकाला तो उजव्या खांद्यावर उठतो.

आरोपीशी नाते काय असे विचारण्यात आले. नाते नाही.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. लेखनिकांनी ‘होडेकर यांच्या सांगण्यावरून मी गाडीत बसले’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले व तिथे ‘स्वतः मागून घेऊन बसले’ असे घालून घेतले. आता मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.